आरोग्यविषयक आर्थिक निर्णय आणि अनिश्चितता : ब्रिटनमधील एका जोखीम-वाटप योजनेच्या निमित्ताने

प्रस्तावना

एखाद्या नव्या औषधाचा खर्च सार्वजनिक तिजोरीतून करावा की नाही, हा प्रश्न वरवर पाहता वैद्यकशास्त्राचा वाटतो. औषध गुणकारी असेल तर द्यावे, नसेल तर देऊ नये. प्रत्यक्षात निर्णय घेणाऱ्या समितीसमोर तो इतक्या सरळ स्वरूपात क्वचितच येतो. औषध काही रुग्णांना, काही काळ, काही प्रमाणात उपयोगी पडते; त्याची चाचणी दोन-तीन वर्षेच झालेली असते; आजार मात्र तीस-चाळीस वर्षे सोबत राहणारा असतो. शिवाय या औषधावर खर्च होणारा पैसा दुसऱ्या कोणत्या तरी रुग्णाच्या उपचारातून काढून घ्यावा लागतो. पुरावा अपुरा असतो, तरीही निर्णय टाळता येत नाही. 'आणखी पुरावा येईपर्यंत थांबू' असे म्हणणे हाही एक निर्णयच असतो आणि त्याची किंमत कोणीतरी मोजत असते.

केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्ये 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'मध्ये लिहिलेल्या निबंधापासून आरोग्य-अर्थशास्त्र ही स्वतंत्र ज्ञानशाखा म्हणून ओळखली जाऊ लागली, असे सामान्यतः मानले जाते. त्या निबंधाच्या शीर्षकाचा पहिला शब्दच 'अनिश्चितता' हा आहे. ॲरो यांचा रोख आजार केव्हा येईल आणि उपचार कितपत लागू पडेल या अनिश्चिततेकडे व तिच्यामुळे बाजारयंत्रणा का अपुरी पडते याकडे होता. प्रस्तुत लेखाचा विषय त्याहून मर्यादित आहे. सार्वजनिक निधीतून उपचार स्वीकारताना पुराव्यातील अनिश्चितता कशी हाताळावी, एवढाच प्रश्न येथे घेतला आहे. प्रथम या क्षेत्रातील रूढ विश्लेषणपद्धतीचा परिचय करून देऊन नंतर ब्रिटनमध्ये २००२ साली मल्टिपल स्क्लेरोसिस या आजाराच्या औषधांबाबत राबविलेल्या योजनेचा तपशिलाने विचार केला आहे. गणिताने सहज मोजता येणारी अनिश्चितता आणि निर्णयाला खरोखर हादरा देणारी अनिश्चितता या अनेकदा दोन वेगळ्या गोष्टी असतात, हे त्या योजनेच्या अनुभवावरून दिसते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

खर्च-परिणामकारकतेची मोजपट्टी

उपचाराने आयुष्य किती वाढले आणि वाढलेले आयुष्य किती सुसह्य होते, या दोन्हींचा मेळ घालण्यासाठी 'गुणवत्ता-समायोजित जीवनवर्ष' हे एकक वापरतात. पूर्ण निरोगी अवस्थेतील एक वर्ष म्हणजे एक एकक. प्रकृती अशी असेल की तिचे मूल्य निरोगी अवस्थेच्या निम्मे धरावे, तर त्या अवस्थेतील दोन वर्षे मिळून एक एकक होते. नव्या उपचाराचा वाढीव खर्च भागिले त्यातून मिळणारी वाढीव एकके, हे झाले खर्च-परिणामकारकतेचे गुणोत्तर. इंग्लंडमध्ये १९९९ मध्ये स्थापन झालेली 'नाइस' ही संस्था हे गुणोत्तर एका उंबरठ्याशी ताडून पाहते. दीर्घकाळ हा उंबरठा प्रति एकक २०,००० ते ३०,००० पौंड असा धरला जात असे.

या गुणोत्तराचा प्रत्येक घटक अंदाजावर उभा असतो. औषधाने आजाराची गती किती मंदावते, प्रत्येक अवस्थेत रुग्णावर किती खर्च होतो, त्या अवस्थेचे मूल्य किती धरायचे, या संख्यांना संख्याशास्त्रात प्राचले म्हणतात. पूर्वी विश्लेषक एकेक प्राचल थोडे वर-खाली करून उत्तर कितपत बदलते ते पाहत. मात्र एकाच वेळी सर्व प्राचले चुकीची असू शकतात, ही अडचण या पद्धतीत तशीच राहते. म्हणून संभाव्यताधारित संवेदनशीलता विश्लेषण पुढे आले. त्यात प्रत्येक प्राचलाला एक संभाव्यता-वितरण देऊन संगणकाद्वारे हजारो वेळा गणित केले जाते आणि उत्तरांचा पुंजका मांडला जातो. त्या पुंजक्यातील किती टक्के उत्तरे उंबरठ्याच्या आत पडतात हे दाखविणारा 'स्वीकार्यता वक्र' बेन व्हॅन हाउट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये मांडला. २००४ च्या मार्गदर्शिकेपासून 'नाइस'ने असे विश्लेषण आवश्यक मानले.

दोन स्वतंत्र प्रश्न

आता समजा, वक्रावरून असे दिसले की नवे औषध परवडण्याची संभाव्यता ६० टक्के आहे. समितीने काय करावे? संख्याशास्त्राच्या परंपरेत वाढलेला वाचक म्हणेल की ९५ टक्के खात्री नाही, तेव्हा जुनाच उपचार चालू ठेवावा. कार्ल क्लॅक्स्टन यांनी १९९९ मध्ये 'जर्नल ऑफ हेल्थ इकॉनॉमिक्स'मधील एका लेखात या सवयीलाच आव्हान दिले. त्यांच्या मते येथे दोन प्रश्न गुंतलेले असून ते वेगळे केले पाहिजेत. आज उपलब्ध असलेल्या माहितीवर कोणता पर्याय स्वीकारावा, हा पहिला प्रश्न. आणि अधिक माहिती मिळविण्यासाठी पैसा खर्च करणे योग्य ठरेल काय, हा दुसरा.

वर्गात हा भाग शिकविताना एक काल्पनिक उदाहरण उपयोगी पडते. आरोग्यलाभाचे रुपयांत रूपांतर करून त्यातून खर्च वजा केल्यावर जुन्या उपचाराचा निव्वळ लाभ प्रत्येक रुग्णामागे निश्चितपणे २०,००० रुपये आहे असे समजू. नव्या उपचाराचा लाभ ३०,००० रुपये असण्याची संभाव्यता ६० टक्के व १०,००० रुपये असण्याची संभाव्यता ४० टक्के आहे. नव्या उपचाराचा अपेक्षित लाभ २२,००० रुपये येतो. म्हणजे आज निवड करायचीच असेल तर नवा उपचार निवडावा. रुग्ण ५,००० असतील तर '९५ टक्के खात्री नाही' म्हणून जुन्यालाच चिकटून राहण्याची अपेक्षित किंमत १ कोटी रुपये होते.

पण हा निर्णय चुकण्याची संभाव्यता ४० टक्के आहे, हेही तितकेच खरे. सत्य काय ते आधीच कळले असते तर ६० टक्के शक्यतेत ३०,००० रुपये मिळाले असते आणि उरलेल्या ४० टक्के शक्यतेत आपण जुन्या उपचाराकडे वळून २०,००० रुपये पदरात पाडून घेतले असते. सरासरी २६,००० रुपये. २६,००० व २२,००० यांतील ४,००० रुपयांचा फरक म्हणजे पूर्ण माहितीचे अपेक्षित मूल्य होय. ५,००० रुग्णांसाठी ते २ कोटी रुपये होते. संशोधनाला ३ कोटी रुपये लागणार असतील तर ते करण्यात अर्थ नाही. ५० लाख लागणार असतील तर विचार करण्याजोगे आहे. 'विचार करण्याजोगे' एवढेच म्हणावयाचे, कारण कोणतेही प्रत्यक्ष संशोधन पूर्ण माहिती देत नाही.

हे विवेचन सुबक आहे, मात्र त्यामागे दोन गृहीतके आहेत. एक म्हणजे, आज स्वीकारलेला निर्णय उद्या विनासायास फिरविता येतो. व्यवहारात एकदा सुरू केलेले औषध बंद करणे हे ते सुरू न करण्यापेक्षा फार अवघड असते. औषध एकदा सर्रास मिळू लागले की ज्यांना ते दिले नाही अशा रुग्णांचा गट जमविणेही अवघड होते, आणि मग ज्या चाचणीने शंका फिटली असती ती चाचणीच होऊ शकत नाही. अशा वेळी स्वीकृती हीच पुराव्याच्या मार्गातील अडचण ठरते. दुसरे गृहीतक असे की अनिश्चितता प्राचलांमध्येच आहे, विश्लेषणाच्या मांडणीत नाही. या दुसऱ्या गृहीतकाचे काय होते, हे पुढील उदाहरणावरून पाहता येईल.

मल्टिपल स्क्लेरोसिसची औषधे : ब्रिटनचा प्रयोग

मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणाच मेंदू व मज्जारज्जूतील तंतूंच्या आवरणावर हल्ला करते. आजार बहुधा तरुण वयात सुरू होतो. बऱ्याच रुग्णांमध्ये तो झटक्याझटक्यांनी येतो, मध्ये उतार पडतो आणि कालांतराने अपंगत्व वाढत जाते. हे अपंगत्व मोजण्यासाठी शून्य ते दहा अशी श्रेणी वापरतात. शून्य म्हणजे तपासणीत कोणताही दोष नाही, सहाच्या सुमारास चालताना काठी लागते आणि दहा म्हणजे या आजाराने मृत्यू. श्रेणी दहाची असली तरी तिच्या पायऱ्या समान अंतराच्या नाहीत, हे येथे ध्यानात ठेवावे.

बीटा इंटरफेरॉन आणि ग्लॅटिरॅमर ॲसिटेट ही औषधे आली तेव्हा थोड्या वर्षांच्या चाचण्यांत झटक्यांचे प्रमाण कमी झालेले दिसले होते. दीर्घकालीन अपंगत्व टळते काय, याचे उत्तर त्या चाचण्यांत नव्हते. म्हणून खर्च-परिणामकारकतेचे गुणोत्तर काढताना किती वर्षांचा हिशेब धरायचा यावर उत्तर कमालीचे बदलत असे. पाच वर्षांचा हिशेब धरला तर औषध अतोनात महाग ठरे. वीस वर्षांचा धरला आणि परिणाम टिकून राहतो असे मानले तर आकडा खूपच खाली येई. 'नाइस'ने २००२ च्या आरंभी या औषधांची शिफारस नाकारली. रुग्णसंघटनांचा रोष स्वाभाविक होता. चालत्याफिरत्या तिशीतील व्यक्तीला 'वीस वर्षांनंतरचा पुरावा नाही' असे सांगणे म्हणजे तिच्या दृष्टीने उपचार नाकारणेच होय.

सरकारने यातून मध्यममार्ग काढला. आरोग्य विभाग आणि चार औषधकंपन्या यांच्यात करार होऊन त्याच वर्षी जोखीम-वाटप योजना सुरू झाली. राष्ट्रीय आरोग्यसेवेने पात्र रुग्णांना औषध द्यावे, रुग्णांच्या एका मोठ्या गटाचा दहा वर्षे पाठपुरावा करावा आणि प्रत्यक्ष परिणाम भाकितापेक्षा ठरलेल्या मर्यादेपलीकडे कमी पडला तर कंपन्यांनी किंमत उतरवावी, असे ठरले. वीस वर्षांच्या हिशेबाने प्रति एकक ३६,००० पौंड हे लक्ष्य होते. ५,००० हून अधिक रुग्ण या पाठपुराव्यात सामील झाले. कल्पना आकर्षक होती यात शंका नाही. रुग्णाला औषध मिळते, सरकारला माहिती मिळते आणि भाकीत चुकल्यास भुर्दंड कंपनीला बसतो. क्लॅक्स्टन यांच्या दोन प्रश्नांची सांगड घालणारी योजना म्हणून तिच्याकडे पाहता येईल.

परंतु औषध न घेणारा गट या योजनेत नव्हता. तुलना करावयाची होती ती 'औषध न घेता काय झाले असते' याच्याशी, आणि ती माहिती कॅनडातील ओंटारिओ प्रांतातील लंडन या शहरी जमविलेल्या जुन्या नोंदींतून घेतली होती. या नोंदींचे एक वैशिष्ट्य होते. एखाद्या रुग्णाची श्रेणी पाचवर गेली आणि पुढे चारवर उतरली, तर आधीची पाच ही नोंदही चार अशी सुधारून घेतली जाई. अपंगत्व वाढते, कमी होत नाही, असे गृहीत धरून इतिहास गुळगुळीत केलेला होता. हा आजार चढउतारांचा असल्यामुळे प्रत्यक्ष रुग्णांच्या नोंदी तशा गुळगुळीत असणे शक्य नव्हते. तुलना सारखी व्हावी म्हणून ब्रिटिश रुग्णांच्या सुरुवातीच्या नोंदींनाही तोच 'सुधारणा नाही' हा नियम लावण्यात आला.

दोन वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष २००९ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाले आणि एकच खळबळ उडाली. मुख्य विश्लेषणानुसार औषध घेणाऱ्यांची प्रकृती भाकितापेक्षा वाईट तर होतीच, पण औषध न घेणाऱ्या कॅनडातील गटापेक्षाही वाईट होती. भाकितापासूनचे विचलन ११३ टक्के होते, तेही प्रतिकूल दिशेने. त्याच लेखातील संवेदनशीलता विश्लेषण मात्र वेगळेच सांगत होते. 'सुधारणा नाही' हा नियम बाजूला ठेवून सुरुवातीच्या मूळ नोंदी तशाच वापरल्या तर विचलन उणे ७२ टक्के येई, म्हणजे परिणाम भाकितापेक्षा चांगला ठरे. दुसऱ्या वर्षाच्या अनुपलब्ध नोंदी पहिल्या वर्षाच्या गतीवरून भरून काढल्या तर तोच आकडा १५६ टक्क्यांवर जाई.

रुग्ण, औषध आणि तपासणी करणारे डॉक्टर तेच होते. हिशेबाचा एक नियम बदलला आणि उत्तराचे चिन्हच बदलले. येथे नमुना लहान असल्याची तक्रार करता येत नाही. हजारो रुग्ण होते. रुग्णांची संख्या दुप्पट केली असती तरी हा पेच सुटला नसता. प्राचलाभोवतीची अनिश्चितता नमुना वाढविला की आकसते. तुलनेचा गट कोणता घ्यावा आणि नोंदी कोणत्या नियमाने वाचाव्यात, ही संरचनात्मक अनिश्चितता मात्र नमुना वाढविल्याने तसूभरही कमी होत नाही. संगणकाने हजार वेळा केलेल्या गणितात ती बहुधा दिसतही नाही, कारण ती सर्व गणिते एकाच मांडणीच्या पोटात झालेली असतात. मांडणी चुकली असेल तर त्या पुंजक्याचा आटोपशीरपणा दिशाभूल करतो.

वैज्ञानिक सल्लागार गटाने किंमत उतरविण्याइतका पुरावा अद्याप नाही असे मत दिले आणि दर तेच राहिले. जेम्स राफ्टरी यांनी २०१० मध्ये त्याच नियतकालिकात ही योजना खर्चिक व अयशस्वी ठरल्याची टीका केली. टीकेचा मुद्दा नेमका होता. किंमत केव्हा उतरवायची हे करारात लिहिलेले असताना, प्रतिकूल निष्कर्ष येताच तो ग्राह्य आहे की नाही याची चर्चा सुरू होत असेल, तर जोखीम वाटली गेली असे म्हणता येत नाही.

यानंतरचा भाग या प्रकरणाच्या चर्चेत बहुधा वगळला जातो. तो वगळू नये. योजनेच्या विश्लेषकांनी तुलनेचा गट बदलला. कॅनडातीलच ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, ही औषधे सर्वत्र मिळू लागण्यापूर्वीच्या काळातील रुग्णांच्या नोंदी मूळ चढउतारांसह जपून ठेवलेल्या होत्या. सहा वर्षांचा पाठपुरावा या गटाशी ताडून पाहिला, तेव्हा औषध घेणाऱ्यांमध्ये अपंगत्व वाढण्याची गती न घेणाऱ्यांच्या सुमारे तीन-चतुर्थांश असल्याचे २०१५ मध्ये 'लॅन्सेट न्यूरॉलॉजी'त प्रसिद्ध झाले. दहा वर्षांच्या निष्कर्षांत हा लाभ काळानुसार ओसरत जातो असेही दिसले. अखेर २०१८ मध्ये 'नाइस'ने फेरविचार करून यांपैकी बहुतेक औषधांची, घटलेले दर लक्षात घेऊन, शिफारस केली. बीटा इंटरफेरॉनचे एक उत्पादन मात्र तिने नाकारले.

तेव्हा योजना यशस्वी झाली की अयशस्वी? हजारो रुग्णांना औषध मिळाले, आणि या आजारातील तज्ज्ञ परिचारिकांचे जाळे वाढले हाही तिचा एक अनपेक्षित लाभ मानला जातो. परंतु २००२ मध्ये विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर येईपर्यंत अनेक रुग्णांसाठी नवी, अधिक प्रभावी औषधे बाजारात आलेली होती. माहितीचे मूल्य काळानुसार घटते, हा क्लॅक्स्टन यांच्या सूत्रातील मुद्दा येथे प्रत्यक्षात दिसला. प्रस्तुत लेखकाच्या मते योजनेची खरी चूक २००९ मध्ये झाली नाही. ती २००२ मध्येच झाली. तुलनेच्या गटाबद्दलचा वाद पाठपुरावा सुरू होण्यापूर्वी मिटविता आला असता, निदान दोन्ही गटांशी तुलना करण्याचे करारातच नमूद करता आले असते. नियम आधी ठरलेला नसेल तर जो निष्कर्ष गैरसोयीचा तो 'अपरिपक्व' ठरविण्याचा मोह सर्वच पक्षांना होतो. यात कोणाच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही.

भारतीय संदर्भात जोखीम कोणाची?

भारतात आरोग्य संशोधन विभागाच्या अंतर्गत आरोग्य तंत्रज्ञान मूल्यमापनाची यंत्रणा २०१७ मध्ये उभी राहिली. एकदाच वापरता येणाऱ्या सुरक्षित सुया, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेतील कृत्रिम भिंगे अशा विषयांवर तिने आरंभीचे अभ्यास केले. उंबरठा म्हणून साधारणतः दरडोई स्थूल देशांतर्गत उत्पादनाएवढी रक्कम धरली जाते. आरोग्याच्या विविध अवस्थांना भारतीय नागरिक किती मूल्य देतात याची स्वतंत्र सारणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. तोपर्यंतच्या अभ्यासांना परदेशी मूल्ये उसनी घ्यावी लागत, आणि ही उसनवारी हाही संरचनात्मक अनिश्चिततेचाच प्रकार होय. ओंटारिओच्या नोंदी ब्रिटिश रुग्णांना लावण्यात जी अडचण होती, तिच्याशी त्याचे नाते आहे.

परंतु येथे एक अधिक मूलभूत प्रश्न उपस्थित होतो. समितीने अपेक्षित लाभाकडे पाहावे, त्याभोवतीच्या चढउताराची धास्ती घेऊ नये, या भूमिकेला केनेथ ॲरो आणि रॉबर्ट लिंड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या युक्तिवादाचा आधार दिला जातो. सार्वजनिक प्रकल्पाची जोखीम असंख्य करदात्यांत विभागली जाते, प्रत्येकाच्या वाट्याला तिचा कणभरच अंश येतो, म्हणून शासनाने जोखमीबाबत तटस्थ राहावे, असा तो युक्तिवाद आहे. ब्रिटनमध्ये, जेथे उपचाराचा खर्च बहुतांशी करातून होतो, तो पुष्कळसा लागू पडतो. निदान पैशाच्या बाबतीत. औषध लागू न पडल्याची शारीरिक झळ तेथेही एकट्या रुग्णालाच बसते.

आपल्याकडे पैशाची जोखीमही तशी विभागलेली नाही. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के खर्च कुटुंबांनी थेट स्वतःच्या खिशातून केला. २०१३-१४ मध्ये हे प्रमाण ६४.२ टक्के होते, तेव्हा घट मोठी आहे हे मान्य केले पाहिजे. तरीही महागड्या औषधाचा खर्च जेथे योजनेच्या कक्षेबाहेर राहतो, तेथे वरील उदाहरणातील ४० टक्के शक्यता तिजोरीच्या खात्यावर पडत नाही. ती शेत गहाण टाकलेल्या किंवा दागिने मोडलेल्या एका कुटुंबावर पूर्णपणे कोसळते. त्या कुटुंबाने सरासरीवर निर्णय घ्यावा अशी अपेक्षा करणे अर्थशास्त्राच्याच कसोटीवर टिकत नाही, कारण सरासरी अनुभवण्याइतक्या संधी त्याला मिळत नाहीत.

यावरून एक व्यावहारिक सूचना निघते. एखाद्या उपचाराचे मूल्यमापन करताना एकूण अनिश्चिततेचा स्वीकार्यता वक्र देऊन थांबू नये. उपचार अपेक्षेप्रमाणे लागू न पडल्यास खर्चाचा भार शासन, विमायोजना, उत्पादक आणि कुटुंब यांच्यापैकी कोणावर किती पडेल, याची स्वतंत्र सारणी त्या अहवालात असावी. तुलनेचा गट कोणता व नोंदींचे नियम कोणते, हे पाठपुरावा सुरू होण्यापूर्वीच जाहीर केलेले असावे. अशी सारणी तयार करण्यासाठी लागणारी खर्चविषयक माहिती घरोघरच्या पाहण्यांतूनच मिळू शकते, आणि त्या कामात अर्थशास्त्र, संख्याशास्त्र व समाजकार्य या विभागांतील अध्यापकांना आपापल्या महाविद्यालयाच्या परिसरातच सहभागी होता येईल.